वजने उचलताना वेळेवर थांबायचे कसे?

कोल्हापुरात मेहनत आकड्यांत मोजतात. किती जोर मारले, किती बैठका काढल्या, यावरून माणसाची पारख होते. खासबागेत कुस्त्या बघत वाढलेला मुलगा जिममध्ये गेला, तरी हेच माप घेऊन जातो. पण गंगावेस किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान पहाटेच्या मेहनतीनंतर खुराक घेतो, दुपारी झोपतो आणि मगच संध्याकाळच्या जोर-बैठकांना उतरतो. शिवाय त्याला थांबवायला वस्ताद असतो. शिरोली एमआयडीसीत आठ तासांची पाळी करून रात्री जिम गाठणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. पैलवानाची मेहनत घेऊन त्याची विश्रांती सोडली, की अंग मोडते. त्यामुळे थांबवण्याचे काम दुसऱ्या कशाकडे तरी द्यावे लागते. त्यासाठी एक साधी वही पुरते.

१. आकडे घरून लिहून न्या

व्यायाम, वजन, सेट आणि रेप्स जिमला निघण्याआधीच लिहा. वजन एकदा उचलून ठेवले की एक रेप, आणि न थांबता काढलेल्या रेप्सचा एक फेरा म्हणजे सेट. बार हातात असताना घेतलेला निर्णय सहसा जास्तीचाच असतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला आठवड्यातून ३ दिवस आणि प्रत्येक मोठ्या स्नायूसाठी आठवड्याला साधारण १० सेट भरपूर झाले. जुन्या माणसालाही २० सेटच्या पुढे क्वचितच फायदा होतो. एकाच स्नायूच्या दोन जड व्यायामांत ४८ तासांचे अंतर ठेवा. वहीतला शेवटचा सेट झाला, की प्लेट जागेवर ठेवा आणि निघा.

२. दोन रेप्स हातच्या राखा

जास्तीत जास्त ८ रेप्स निघतील अशा वजनाला ६ वर थांबा. बार वर जाताना स्पष्ट मंदावला, पाठ वाकली किंवा खांदा पुढे आला, तर सेट तिथेच संपला, मग वहीत काहीही लिहिलेले असो. शेवटचा दम लागेपर्यंत ओढलेल्या सेटमधून वाढ थोडीच जास्त मिळते, थकवा मात्र पुढच्या दोन-तीन दिवसांवर पसरतो. स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन बैठक) आणि डेडलिफ्टमध्ये (जमिनीवरून बार उचलणे) हा नियम मोडूच नका.

३. ओढ कधी लागते ते ओळखा

सगळ्यात धोक्याचा दिवस चांगला दिवस असतो. वजन हलके लागते, अंग तापलेले असते आणि १० किलो एकदम वाढवावेसे वाटतात. अशा दिवशी सवलत एकच: शेवटच्या सेटला एक रेप जादा. ती वहीत नोंदवा आणि पुढच्या वेळी २.५ किलो वाढवा. स्नायू लवकर ताकद धरतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा सावकाश तयार होतात. कोपर, खांदा आणि गुडघ्याची दुखणी बहुधा इथूनच सुरू होतात.

वाईट दिवशी उलटे होते. नेहमीचे ६० किलो बेंचवर, म्हणजे आडवे पडून छातीवरून बार ढकलताना, अडकतात आणि माणूस हट्टाने पुन्हा पुन्हा तेच उचलू पाहतो. तेव्हा १० टक्के, म्हणजे ५-६ किलो उतरवा, राहिलेले सेट पुरे करा आणि घरी जा. शेजारच्याशी चढाओढ लागत असेल, तर थोडे दिवस वेळ बदला.

सुट्टीच्या दिवशी चुकल्यासारखे वाटते, त्यावरही उपाय आहे. रंकाळ्यावर ३०-४० मिनिटे चाला, सहज गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. जोतिबाचा डोंगर पायी चढणे ही विश्रांती नव्हे, पायांचा तो आणखी एक व्यायामच आहे.

४. सकाळी नाडी मोजा

अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर नाडी मोजा आणि आठवडाभराची सरासरी काढा. सलग २-३ दिवस नाडी त्या सरासरीपेक्षा ८-१० ठोक्यांनी जास्त आली, तर सेट निम्मे करा. जोडीला झोप उडणे, भूक मरणे, चिडचिड होणे, सलग दोन वेळा तेच वजन न उचलले जाणे अशी लक्षणे असतील, तर २-३ दिवस पूर्ण सुट्टी घ्या. दोन आठवडे विश्रांती घेऊनही फरक पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणे किंवा थायरॉइडचा त्रासही असाच जाणवतो.

५. हलका आठवडा आधीच ठरवा

दर ५-६ आठवड्यांनी एक आठवडा सेट निम्मे आणि वजन १० टक्के कमी करा. १०० किलोचे ४ सेट असतील, तर ९० चे २. एवढ्याने ताकद जात नाही. हा आठवडा गणपतीत किंवा घरच्या लग्नात बसवा. विसर्जनाच्या मिरवणुकीत रात्रभर जागून दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट करण्यात काही अर्थ नाही.

झोप ७ ते ९ तास हवी. प्रथिने किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला दिवसाला ११० ते १५० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम आणि पाव लिटर दुधात ८ ग्रॅम मिळतात. तांबडा-पांढरा कितीही वाट्या प्या, प्रथिने मुख्यतः मटणाच्या तुकड्यांत असतात.

६. खंडानंतर जपून

महिनाभराच्या सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात पूर्वीच्या ६० टक्के वजनाने, निम्मेच सेट करा. खंड भरून काढायला एकदम शेकडो बैठका मारल्या, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडावर ताण येतो. साधी अंगदुखी दोन-तीन दिवसांत ओसरते. पण स्नायू सुजून टणक झाले, दुखणे असह्य झाले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर सकाळची वाट न पाहता त्याच वेळी दवाखाना गाठा.