हलगीच्या क्लिपा रीपरमध्ये जोडताना

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात कुस्तीवेळी रेकॉर्ड केलेली हलगी-घुमकं (घुमकं म्हणजे हलगीच्या साथीचं वाद्य) तासभराची असली, तरी कामाची दोन-तीन मिनिटंच निघतात. आधी रीपर या ऑडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोजेक्टचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) बघा. ४८,००० ची फाईल सॉफ्टवेअरने चुकून ४४,१०० ची समजून वाजवली, तर सूर जवळपास दीड सेमीटोन (अर्धस्वर) उतरतो आणि लयही सुस्तावते.

कर्सर ठेवून एस दाबला की क्लिप तुटते. पण काप थापेवर नको, तिच्या ५ ते १० मिलिसेकंद आधी घ्या. थापेची सुरुवातच कापली गेली तर हलगी बोथट वाजते. मग इक्यूने (इक्वलायझरने) खर्ज-तार कितीही कमी-जास्त करा, धार येत नाही. टोकाला २-३ मिलिसेकंदांचा फेड (आवाजाचा हळूहळू चढ-उतार) द्या, नाहीतर जोडावर 'टक्' ऐकू येतं.

रेकॉर्डिंगच्या दोन वेगळ्या फेऱ्या जोडताना क्रॉसफेड (एक क्लिप उतरत असताना दुसरी चढवणं) इक्वल पॉवर, म्हणजे वक्र रेषेचा ठेवा. सरळ रेषेचा ठेवला तर मध्येच आवाज खचतो, घुमक्याच्या गुंजेत तर लगेच कळतं.

स्नॅप (क्लिप आपोआप मात्रांच्या रेघांना, म्हणजे ग्रिडला चिकटणं) मात्र बंदच बरा. कुस्तीची हलगी लयीत चढत जाते. तिला मिनिटाला १२० मात्रांच्या ठरलेल्या ग्रिडवर ठोकून बसवलं की रंगच जातो. क्लिक (मात्रा मोजणारा टिकटिक आवाज) हवाच असेल, तर दर चार मात्रांना टेम्पो मार्कर (तिथली लय नोंदवणारी खूण) टाकून ग्रिडच हलगीमागे चालवा.