स्ट्रॉबेरीचे मदर प्लँट घेताना बिलासोबत कागदही मागा

महाबळेश्वर, पाचगणी, वाई पट्ट्यात आता मदर प्लँटची लगबग सुरू होईल. परदेशातून आलेल्या या मातृरोपांवर पावसाळ्यात रनर (जमिनीवर पसरून नवी रोपे देणारे धुमारे) धरायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लागण करायची, हे आपले दरवर्षीचे चक्र. कॅमारोसा जात लावायची की विंटर डॉन, यावर तासभर बोलणे होते. रोप देशात कोणत्या कागदावर आले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते.

1914 चा कीड प्रतिबंधक केंद्रीय कायदा आणि त्याखालचा 2003 चा वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेश यांनुसार लागवडीच्या मालाला आयात परवाना लागतो, शिवाय पाठवणाऱ्या देशाचा फायटोसॅनिटरी दाखलाही, म्हणजे माल कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला. बंदरावर किंवा विमानतळावर संगरोध अधिकारी माल तपासतात. मुळांना माती चालत नाही. घातक कीड-रोग आढळला तर धुरी किंवा प्रक्रिया करून भागते का ते बघतात. भागत नसेल तर माल परत पाठवायचा नाहीतर नष्ट करायचा, आणि खर्च आयातदाराचा.

पैसे मोजून आणलेली रोपे जाळायची म्हटले की जीव तुटतो, हे मला कळते. पण गाजरगवत आठवा. 1955 च्या सुमारास ते पुण्यात पहिल्यांदा दिसले, आणि परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. सत्तर वर्षे झाली, खुरपणाऱ्या बायांच्या हातांना अजून खाज सुटते.

म्हणून रोपवाटिकेतून माल घेताना परवान्याची आणि दाखल्याची प्रत मागून घ्या. टाळाटाळ झाली तर तिथून रोप उचलू नका. गठ्ठ्यातली दोन-चार रोपे काढून धारदार चाकूने गड्डा (मुळांच्या वरचा जाड बुडखा) उभा चिरा. आत पांढरट असेल तर ठीक. तांबूस-तपकिरी डाग किंवा पट्टे दिसले तर करपा या बुरशीजन्य रोगाने होणाऱ्या गड्डाकुजीचा संशय धरा. पानाच्या मागे कोळी ही बारीक कीड आहे का, ते भिंगाने बघा.

संशयित रोपे ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका, शेजाऱ्यालाही देऊ नका. वेगळी ठेवून लगेच कृषी सहायकाला किंवा कृषी विज्ञान केंद्राला दाखवा. चाकू धुऊन, निर्जंतुक करूनच पुढच्या गठ्ठ्याला लावा.

परदेशातून येणाऱ्या पाहुण्यांना बॅगेतून बी-रोप आणायला सांगू नका. 2020 मध्ये अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या बियांच्या पाकिटांबाबत केंद्राने सावध केले होते. असे पाकीट आले तर बी पेरू नका, न फोडता कृषी कार्यालयात द्या.