पोटात गेलेलं लोह अंगी कसं लागेल?

बाजरीची भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि वाटीभर दही. असं ताट ज्या घरात रोज वाढलं जातं, तिथे जीवनसत्त्वं आणि खनिजं बाजारातून विकत आणायची गरज सहसा पडत नाही. तरीही अशा घरांतल्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी निघतं. त्याचं कारण बहुतेक वेळा ताटात नसतं. भिजवताना, शिजवताना आणि जेवण झाल्यावर काय होतं, त्यात असतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 साली सुधारलेल्या प्रमाणानुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला 29 मिलिग्रॅम लोह लागतं, पुरुषाला 19. आकडा मोठा वाटतो, कारण धान्य-कडधान्यांमधल्या लोहापैकी जेमतेम आठ-दहा टक्केच शरीरात शोषलं जातं. 120 ग्रॅम बाजरीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून साडेसात मिलिग्रॅम, 35 ग्रॅम सुक्या मटकीच्या उसळीतून पावणेतीनच्या आसपास, शिवाय पालेभाजी, डाळ, चपाती अशी गोळाबेरीज होत जाते. तेव्हा आहे त्या ताटातलं लोह जास्त शोषलं जाईल, हे आधी बघायचं.

आदल्या दिवशी: मोड

मटकी, मूग, कुळीथ यांत फायटेट नावाचा घटक असतो. तो लोह आणि जस्त धरून ठेवतो, आतड्यात सुटू देत नाही. धान्य भिजलं, मोड आले की त्यातला बराचसा फायटेट मोडतो. भाकरीत आणि उसळीत दोन्हीकडे तो असतो, म्हणून निदान उसळीची बाजू तरी सावरून घ्यावी.

चौघांसाठी 150 ग्रॅम मटकी घ्या. निवडून, धुऊन तिप्पट पाण्यात 8 ते 10 तास भिजवा. फुगली की पाणी टाकून द्या आणि चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. ही दहा मिनिटं वाचवली की मटकी चिकट होते आणि आंबूस वास येतो. निथळल्यावर ओल्या सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधा. करकचून बांधली तर मधल्या दाण्यांना हवा लागत नाही. उन्हाळ्यात बारा तासांत मोड येतात. थंडीत चोवीस तासही लागतात, तेव्हा पुरचुंडी डब्यात घालून ओट्याच्या उबदार कोपऱ्यात ठेवा. अर्धा-पाऊण सेंटिमीटर मोड पुरे. न फुगलेले गणंग वेचून टाका, नाहीतर नेमका दाताखाली तोच येतो.

जेवताना: आंबट

क जीवनसत्त्व लोहाला आतड्यात शोषलं जाईल अशा रूपात आणतं. दोन्ही एकाच जेवणात असले तरच हे घडतं. सकाळी लिंबूपाणी आणि दुपारी उसळ, याने काही साधत नाही.

ताटात लिंबाची फोड वाढायची आपली पद्धत म्हणूनच चांगली, पण ती चतकोर फोड बरेचदा शोभेचीच असते. तिच्या रसातून तीन-चार मिलिग्रॅम क मिळतं. फरक पडायला साधारण 25 ते 50 मिलिग्रॅम हवं. ते मिळवायचे सोपे मार्ग असे: अर्धा पेरू (पेरूत 100 ग्रॅमला 200 मिलिग्रॅमच्या वर क असतं), थंडीच्या दिवसांत एक किसलेला आवळा, किंवा वाटीभर कच्च्या कोबीची कोशिंबीर आणि वर अर्धं लिंबू. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळा, कारण उष्णतेने क जीवनसत्त्व नष्ट होतं. ते पाण्यातही विरघळतं, म्हणून पालेभाजी आधी धुवा आणि मग चिरा. चिरलेली मेथी पाण्यात बुडवून ठेवणं म्हणजे ते नळाखाली सोडून देणं.

जेवणानंतर: चहा

चहा-कॉफीतली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला बांधतात. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा नको. सगळ्यात मोठी अडचण नाश्त्याची आहे. कांदेपोह्यांवर हौसेने लिंबू पिळायचं आणि सोबत वाफाळता चहा घ्यायचा, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्याने काढून घ्यायचं. उठल्यावर चहा घेऊन टाका, पोहे तासाभराने खा. एवढा एक बदल झाला तरी पुष्कळ.

लोखंडी कढई असेल तर जरूर वापरा. चिंच, टोमॅटो, आमसूल घातलेल्या आंबट पदार्थांत तिचं लोह जास्त उतरतं. पदार्थ झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. रात्रभर ठेवला तर काळा पडतो आणि तोंडाला लोखंडाची चव येते. कढई धुऊन, पुसून तेलाचा हात फिरवून ठेवा. थॅलेसेमियासारख्या आजारात शरीरात लोह साठत असेल, तर मात्र हा प्रयोग नको.

बाकीच्यांची सोय

कॅल्शियम दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. दूध-दही मिळून 300 मिलिलिटर घेतलं तर साडेतीनशेच्या आसपास मिळतं. 100 ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकऱ्या तेवढंच देतात. दहा ग्रॅम तिळाची चटणी सव्वाशेची भर घालते. पालकावर मात्र भिस्त ठेवू नका. त्यातलं ऑक्झलेट त्याचं कॅल्शियम अडवून ठेवतं. त्यापेक्षा शेवग्याचा पाला उजवा. आणखी एक: कॅल्शियमही लोहाच्या आड येतं, तेव्हा दुधाचा पेला उसळीच्या जेवणासोबत न घेता रात्री घ्या.

गाजर, तांबडा भोपळा, पालेभाज्या यांतलं अ जीवनसत्त्वाचं पूर्वरूप तेलातुपाशिवाय नीट शोषलं जात नाही. कोशिंबिरीला तेलाची फोडणी आणि दाण्याचं कूट घालतात, ते चवीपुरतंच आहे असं समजून वजन कमी करण्याच्या नादात वगळू नका.

ब1 जीवनसत्त्व आपण अक्षरशः ओतून देतो. तांदूळ चार-पाच वेळा चोळून धुतले, वर भात वेळून पेज फेकली, की त्यातलं बरंचसं गेलं. दोनदा हलक्या हाताने धुवा आणि मोजक्या पाण्यात शिजवा. कोकण-गोव्यातल्या उकड्या तांदळात ब1 जास्त टिकतं, कारण साळ उकडताना ते कोंड्यातून दाण्याच्या आत शिरतं. डाळ लवकर शिजावी म्हणून सोडा घालायची सवयही सोडा. सोड्याने ब1 मरतं.

ब12 भाज्या-धान्यांत मिळत नाही. इडली-ढोकळा आंबवून त्यात ते येतं, या सांगण्यावर विसंबू नका. दूध, दही, अंडी, मासे, मटण हेच त्याचे भरवशाचे मार्ग. दूधही न घेणाऱ्यांना गोळीला पर्याय नाही. मधुमेहासाठी बरीच वर्षं मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांचं ब12 कमी होऊ शकतं, त्यांनी त्याची तपासणी करून घ्यावी.

ड जीवनसत्त्वासाठी कोवळं ऊन घ्यायचा सल्ला घरोघरी दिला जातो, पण त्वचेत ड तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फार थोडे असतात. साधारण 11 ते 3 च्या दरम्यान हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बाहेर थांबा, त्वचा लाल होण्याआधी आत या. खिडकीच्या काचेतून ते किरण येत नाहीत.

मीठ आयोडीनयुक्त घ्या, घट्ट झाकणाच्या बरणीत आणि शेगडीपासून दूर ठेवा. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, ही सगळी मिळून मर्यादा. लोणचं-पापड त्यातच धरायचं. सैंधवावर गेलेल्यांनी पाकिटावर आयोडीन लिहिलंय का, ते बघावं.

गरोदरपणात किंवा हिमोग्लोबिन फारच उतरलं असेल तर नुसत्या आहाराने भागत नाही. डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्यावीच लागते. तीही चहा-दुधासोबत घेऊ नका, आणि कॅल्शियमची गोळी चालू असेल तर दोन्हींमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा.