लाल दिव्याने रेडियम स्टिकर का उजळत नाही? घरच्या घरी फोटॉनचा हिशेब

बारावीची मुलं प्रकाशविद्युत परिणामाचा, म्हणजे प्रकाशाने धातूतून इलेक्ट्रॉन सुटण्याचा, धडा पाठ करतात, सूत्र लिहितात, गणितंही बरोबर सोडवतात. पण लाल प्रकाश कितीही वाढवला तरी इलेक्ट्रॉन सुटत नाही, हे वाक्य आतून कुणाला पटलेलं नसतं. म्हणून ऐरोलीत माझ्या शिकवणीला येणाऱ्या मुलांना मी आधी बाथरूममध्ये पाठवते. रस्त्यावरचे दिवे इतके प्रखर, की आमच्या घरात खरा काळोख तिथेच मिळतो.

सामान फार नाही. मुलांच्या खोलीत छताला चिकटवतात ते चांदण्यांचे रेडियम स्टिकर. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात नाहीतर कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात विचारा. पारदर्शक टोपीचे ५ एमएमचे तीन एलईडी: लाल, हिरवा, निळा. हिरवा घेताना पोपटी नको, गर्द हिरवाच मागा. ९ व्होल्टची बॅटरी, १ किलोओमचा रेझिस्टर, १ किलोओमचा पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) आणि साधा मल्टिमीटर. सायकलच्या मागे लावतात तो लाल दिवा असेल तर उत्तम. पांढऱ्या टॉर्चवर लाल जिलेटिन गुंडाळण्याचा जुगाड मात्र करू नका, त्यातून थोडा निळा प्रकाश निसटतो आणि सगळा प्रयोग फसतो.

स्टिकर रात्रभर कपाटात, फॉइलमध्ये गुंडाळून ठेवा, म्हणजे आधी साठलेला उजेड संपेल. मग काळोखात लाल दिवा स्टिकरला टेकवून मिनिटभर धरा. विझवा. काही नाही. पाच मिनिटं धरा, दोन दिवे लावा, तरी काही नाही. इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, सेल उतरले असतील." मग निळा एलईडी रेझिस्टरमधून बॅटरीला जोडा आणि दोनच सेकंद टेकवा. तेवढीच गोल जागा हिरवी चमकायला लागते. सायकलच्या त्या भगभगीत दिव्यापुढे हा एलईडी काहीच नाही, हे मुलांनी स्वतः पाहिलेलं असतं, त्यामुळे सेलचा मुद्दा आपोआप मिटतो. हिरव्या एलईडीने बहुतेक स्टिकर उजळत नाहीत, फार तर किंचित.

आता आकडे. फोटॉनची, म्हणजे प्रकाशाच्या एका कणाची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्ट या छोट्या एककात हवी असेल तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं. लाल, ६३० नॅनोमीटर: साधारण २.०. निळा, ४७०: २.६. स्टिकरमधून बाहेर पडणारा हिरवा, ५२० च्या आसपास: २.४. स्टिकरमधल्या युरोपियम या मूलद्रव्याचा अणू एका वेळी एकच फोटॉन गिळतो. २.० चं नाणं घेऊन २.४ चा माल देणं त्याला जमत नाही, आणि दोन लाल फोटॉन एकत्र करून हिशेब पुरा करण्याची सोय इथे नाही. प्रखर दिवा म्हणजे जास्त फोटॉन. प्रत्येक फोटॉन आहे तेवढाच. निळ्याच्या २.६ मधून २.४ परत मिळतात, उरलेली ऊर्जा स्फटिकाची उष्णता होते. पांढऱ्या टॉर्चनेही स्टिकर उजळतो, कारण पांढऱ्या एलईडीत मुळात निळी चिप असते आणि वर पिवळा लेप.

हा एक फोटॉन, एक इलेक्ट्रॉन असा व्यवहार आइन्स्टाइनने १९०५ मध्ये मांडला. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ मिलिकनला तो अजिबात पटला नव्हता. खोटा ठरवण्यासाठी त्याने वर्षानुवर्षं मोजमाप केलं आणि १९१६ मध्ये छापलेल्या आकड्यांनी आइन्स्टाइनचंच समीकरण पक्कं केलं. मला हा किस्सा धड्यातल्या सूत्रापेक्षा जास्त आवडतो.

त्याच धर्तीचं मोजमाप आपणही करू शकतो, फक्त उलट्या दिशेने: तिथे प्रकाश देऊन इलेक्ट्रॉन काढायचा, इथे इलेक्ट्रॉन देऊन प्रकाश. पॉटची बाहेरची दोन टोकं बॅटरीला जोडा. मधल्या टोकापासून रेझिस्टर, पुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय बॅटरीच्या ऋण टोकाला. रेझिस्टर वगळून एलईडी थेट ९ व्होल्टला लावलात तर तो क्षणात जळेल. मल्टिमीटर आधी रेझिस्टरवर लावून पॉट हळूहळू फिरवा आणि ०.१ व्होल्टवर थांबा. म्हणजे करंट ०.१ मिलिअँपिअर झाला. आता मल्टिमीटर एलईडीच्या दोन पायांवर लावून आकडा लिहून घ्या. तिन्ही रंगांना करंट तोच ठेवायचा, यात कुचराई नको. नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.

लाल एलईडी १.७ च्या जवळपास येईल, निळा २.५ च्या. एलईडीवरचे व्होल्ट म्हणजे जवळपास त्याच्या फोटॉनची इलेक्ट्रॉन-व्होल्टमधली ऊर्जाच, म्हणून व्होल्ट गुणिले नॅनोमीटर करा: १.७ × ६३० म्हणजे १०७१, आणि २.५ × ४७० म्हणजे ११७५. यायला हवेत १२४०. आकडे कमी येतात, कारण करंट आपण अगदी थोडा ठेवलाय आणि इलेक्ट्रॉनला उरलेला हात खोलीतली उष्णता देते. ११७५ वरून प्लांकचा स्थिरांक, म्हणजे फोटॉनची ऊर्जा आणि वारंवारता यांना जोडणारा आकडा, काढला तर ६.३ गुणिले १० चा उणे ३४ वा घात येतो; खरा ६.६२६. दीडशे-दोनशे रुपयांच्या मल्टिमीटरला एवढं जमतं. याच स्थिरांकाची किंमत २०१९ पासून कायमची ठरवून टाकली आहे आणि किलोग्रॅमची व्याख्या आता तिच्यावर उभी आहे.

हौस असेल तर दोन स्टिकर सारखेच उजळवा, एक फ्रीजरमध्ये टाका. तो मंद होईल, कारण उजळताना स्फटिकात अडकून बसलेल्या इलेक्ट्रॉनांना सुटायला उष्णता लागते. बाहेर काढून तळहातावर धरलात की पुन्हा उजळेल.

प्रकाशाने जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन काढायचा मूळ प्रयोग घरी करू नका. नोटा तपासायच्या ३९५ नॅनोमीटरच्या टॉर्चने तो होतच नाही: फोटॉन ३.१ चा, जस्ताला लागतात ४.३. त्या टॉर्चमध्येही डोळे घालू नका. ४.९ चा फोटॉन देणारी २५४ नॅनोमीटरची नळी मात्र यूव्ही प्युरिफायर असलेल्या बऱ्याच स्वयंपाकघरांत असते. जंतूंचा डीएनए मोडणारा तो प्रकाश आपल्या डोळ्यांना आणि कातडीलाही सोडत नाही, तेव्हा प्युरिफायर उघडून ती नळी बाहेर लावायची कल्पना कुणी काढली, तर त्याच्या हातातून पेचकस काढून घ्या.