हाय बॉनेट जीप उघडण्याआधी

जुनी सीजे ३बी, म्हणजे उंच बॉनेटची हाय बॉनेट जीप, नव्याने बांधायला घेताय तर पहिला पाना लावण्याआधी आरसी बुक उघडा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, इंधन, आसनसंख्या आणि रंग गाडीशी जुळतात का, ते टॉर्च घेऊन, गाडीखाली झोपून स्वतः बघा. आपल्याकडच्या कित्येक हाय बॉनेट गाड्यांचं मूळ पेट्रोल इंजिन मध्येच कधीतरी उतरवून डिझेल बसवलेलं असतं आणि कागदावर मात्र पेट्रोलच राहिलेलं असतं. अशी गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी मालकाने कागद दुरुस्त करून दिल्याशिवाय विसार देऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, आरसीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठासून सांगितलं. इंजिन बदलायचंच झालं तर त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं, आणि तेही आरटीओची परवानगी आधी हातात घेऊन. विम्याच्या कंपनीलाही कळवून ठेवा.

गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवावी लागते. २०२१ च्या नियमांनी अशा गाड्यांना व्हिंटेज नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळू लागली, पण त्यासाठी चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात हवं, आणि ती गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. म्हणजे प्रदर्शनातली जीप की घाटातली जीप, हे आधी ठरवा. पुढचं सगळं घाटातल्या जीपबद्दल आहे. त्याबाबत माझं मत ठाम आहे: नवे भाग गाडी नीट थांबावी, नीट वळावी आणि रात्री नीट दिसावं यासाठी घाला, जास्त पळावी म्हणून नाही.

बॉडी उतरल्यावर चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, ब्लास्टिंगला (वाळूच्या झोताने गंज उतरवायला) जाते. पाठवण्याच्या आदल्या दिवशी चेसिस नंबरची जागा रॉकेलने पुसून घ्या, वर पातळ कागद धरा आणि पेन्सिल आडवी घासून दोन ठसे घ्या. आरटीओत घेतात तसाच. एक फाइलला लावा, एक घरी ठेवा. मग त्या जागेवर ग्रीस, ग्रीसवर जाड टेपचे तीन-चार थर, आणि ब्लास्टिंगवाल्याला तोंडी न सांगता खडूने मोठी चौकट आखून द्या. वाळूच्या झोताने किंवा ग्राइंडरने आकडे पुसट झाले तर पासिंगच्या वेळी तुमची गाडी तुमचीच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. चेसिस परत आली की हातोडीने ठोकून आवाज ऐका, विशेषतः मागच्या आडव्या पट्टीजवळ आणि पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरपाशी. कोकणात राहिलेली गाडी असेल तर हे दोनदा करा. आवाज दबका आला तिथे पत्रा आतून खाल्लेला असतो. वरून पट्टी मारू नका, कापून नवा भाग जोडा.

आता ब्रेक, ज्यावर सगळ्यात जास्त पैसे आणि वेळ घालवायचा. मूळ रचनेत चारही चाकांना ब्रेक ऑइलचं एकच सर्किट आहे. एक होज (रबरी नळी) फुटला की सगळे ब्रेक गेले. म्हणून पहिला बदल डिस्कचा नाही, दुहेरी सर्किटच्या मास्टर सिलिंडरचा, म्हणजे पेडल दाबल्यावर तेल ढकलणाऱ्या सिलिंडरचा. पुढे डिस्क लावायच्या असतील तर किट घेण्याआधी तीन गोष्टी मोजा: खालचा अ‍ॅक्सल खरोखर याच गाडीचा आहे का, हबला साडेपाच इंचांच्या वर्तुळावरचे पाच स्टड आहेत का, आणि रिमच्या आत कॅलिपरला (डिस्क पकडणाऱ्या भागाला) जागा उरते का. १६ इंची रिम सोडून १५ इंची घातली तर कॅलिपर घासण्याची शक्यता वाढते. ड्रमसाठीच्या मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तोच डिस्कला जोडला तर पॅड पूर्ण सुटत नाहीत आणि आंबेनळी घाट उतरेपर्यंत डिस्क तापून लाल होते. उलट, मास्टर सिलिंडर मूळ जागी, पायाखाली ठेवला तर कॅलिपरमधलं तेल मागे उतरू नये म्हणून डिस्कच्या लाइनला अगदी हलक्या दाबाचा व्हॉल्व्ह लागतोच. हे न विचारता किट विकणारा भेटला तर दुसरा शोधा. बूस्टर (पेडल हलकं करणारा भाग) पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधल्या व्हॅक्यूमवर चालतो, डिझेलला वेगळा पंप लागतो.

स्टिअरिंग जड किंवा सैल वाटलं की लोक लगेच पॉवर स्टिअरिंगचा भाव विचारतात. आधी पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वरून-खालून धरून हलवा. खेळ असेल तर किंग पिनचे (चाक ज्यावर वळतं त्या खिळीचे) बेअरिंग आणि शिम, म्हणजे पातळ चकत्या, बघा. मग चेसिसवरचा बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा), मग चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचे टोक. हे सगळं घट्ट झाल्यावर ६.००-१६ च्या अरुंद टायरवर ही गाडी दोन बोटांनी नाही, पण दोन हातांनी छान वळते. रुंद टायर घालून पॉवर स्टिअरिंगची गरज ओढवून घेऊ नये, असं मला वाटतं.

इंजिन मूळ हरिकेन असेल तर ते जपा. इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, अशी त्याची रचना आहे. त्यामुळे ते उंच झालं आणि १९५३ मध्ये विलीज या मूळ अमेरिकन जीप कंपनीला बॉनेट वर उचलावं लागलं. हाय बॉनेट आला तो असा. उघडण्याआधी चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून लिहून ठेवा. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मापल्याशिवाय बोरिंगला, म्हणजे तो कापून मोठा करायला, हो म्हणू नका. ते शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं इंजिन आहे आणि २००० सालापासून आपल्याकडे शिसं बंद झालं, म्हणून ब्लॉक उघडलाच आहे तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. दुसरी काळजी आजच्या पेट्रोलची. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. जुनं रबर त्यात फुगतं आणि तडकतं, आणि इथेनॉल ओलावा धरतं म्हणून टाकी आतून गंजते. होज, पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे वॉशर, सगळं इथेनॉलला टिकणाऱ्या मालाचं घ्या. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, त्यामुळे इथली गळती म्हणजे थेट जिवाशी गाठ. अग्निशामक हाताला लागेल असा बसवा.

वेगाची अपेक्षा कमी ठेवा. चाकांकडे ताकद पोहोचवणारं क्राउन-पिनियन ५.३८ चं असतं, म्हणजे टॉप गिअरमध्ये चाक एकदा फिरायला इंजिन ५.३८ वेळा फिरतं. मूळ टायरवर ताशी ८० किलोमीटरला ते मिनिटाला साधारण ३,२०० फेऱ्यांवर ओरडत असतं. पाच गिअरचा बॉक्स घालायचा मोह होईल, पण मागचा शाफ्ट मधोमध नसून एका बाजूला आहे आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) त्या मापानेच बसते. तेवढ्या खटपटीपेक्षा ६० च्या वेगाने निघा आणि अर्धा तास आधी निघा.

वायरिंगमध्ये जुनं काही वाचवू नका. ६ व्होल्टची गाडी असेल तर १२ करा, डायनामोऐवजी अल्टरनेटर लावा, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) नवा ओढा आणि प्रत्येक लाइनला फ्यूज द्या. हेडलाइटला रिले हवाच, नाहीतर सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो. सीट बेल्ट नुसत्या पत्र्याला अडकवू नका. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, चेसिसला बांधलेला असेल तरच बेल्टचा वरचा बिंदू त्यावर घ्या.

सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला पालथं घाला. जुना भाग सोबत न्या, फोटो पुरत नाही. उघडतानाच प्रत्येक नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, वर चिठ्ठी. अंदाजपत्रकाच्या निम्मी रक्कम आणखी बाजूला ठेवून मगच सुरुवात करा.

आणि वेळ. पावसाळ्यात इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल अशी छपराखालची कामं उरका. रंग दसऱ्यानंतरच, कारण दमट हवेत मारलेल्या रंगावर पांढरट झाक येते आणि नंतर तो पापुद्रे सोडतो. गाडी उभी राहिली की आधी मोकळ्या मैदानात ब्रेक, मग सपाट रस्ता, घाट सगळ्यात शेवटी. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा, इंजिन ऑइल बदला आणि जुनं तेल फडक्यावर ओतून त्यात धातूचा कीस दिसतो का ते बघा. तो दिसला नाही तर एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबरप्लेट), पर्यावरण कर आणि नोंदणी नूतनीकरणाची फाइल घेऊन पासिंगची तारीख घ्या.