संधिवात असताना जवळिकीसाठी रात्रीपेक्षा दुपार बरी

रुमॅटॉइड संधिवातात सकाळी सांधे आखडलेले, आणि रात्री ठाण्याहून घणसोलीपर्यंत लोकलमध्ये उभं राहून आल्यावर अंगात त्राण नसतं. जवळ येणं राहूनच जातं, वर "नको" म्हणताना उगाच अपराधी वाटतं. आम्ही वेळच बदलली.

१. शनिवारची दुपार राखून ठेवा. फोन दुसऱ्या खोलीत.

२. अर्धा तास आधी गरम पाण्याने अंघोळ करा. गुडघे, बोटं सैल होतात. डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी दिली असेल तर तिच्या ठरलेल्या वेळेनंतरचा तास-दीड तास साधा. जादा गोळी नको.

३. कुशीवर झोपा, गुडघ्यांमध्ये उशी. आमची जुनी, कापूस गोळा झालेली उशीच कामाला येते. नवी फोमची निसटते.

४. फ्रिजवर लाल (आज नको) आणि हिरवं (चालेल) मॅग्नेट ठेवा. लाल लावलं की फक्त तळव्यांना हलक्या हाताने कोमट तेल, प्रश्न विचारायचे नाहीत. (नवऱ्याला हे अंगवळणी पडायला महिना लागला.)

मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचं औषध घेत असाल तर गर्भनिरोधनाबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला. ते चालू असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो.