क्रूझवरून व्हॅलेटात एक दिवस: फोटो काढायला निघताना या चुका टाळा

भूमध्य समुद्रातल्या क्रूझमध्ये माल्टाचा, म्हणजे त्या बेटाची राजधानी व्हॅलेटाचा थांबा असेल, तर फोटो काढणाऱ्यांना याहून सोयीचं बंदर मिळणं कठीण. रोमचं बंदर म्हणून ज्या चिविटावेक्कियाला जहाज लागतं, तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. व्हॅलेटात तसं नाही. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं आणि तटबंदीच्या अगदी पायथ्याशी, अठराव्या शतकातल्या पिंटो गोदामांसमोरच्या धक्क्याला लागतं. वर दिसतं ते शहर जेमतेम एक किलोमीटर लांब आणि सहाशे मीटर रुंद. 1565च्या तुर्कांच्या वेढ्यातून बेट वाचलं आणि पुढच्याच वर्षी, तेव्हा बेटावर राज्य करणाऱ्या सेंट जॉनच्या सरदारांच्या संघाचा प्रमुख, ग्रँड मास्टर जाँ द ला व्हॅलेटने या शहराची पायाभरणी केली. 1980पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. गाइड लागत नाही, गाडी लागत नाही.

एवढी सोय असूनही बरेच जण पांढरं फटक आकाश आणि काळवंडलेले बुरूज घेऊन परततात. हातात ‘बघायलाच हव्यात’ अशा जागांची यादी असते, पण कुठल्या वेळी ऊन कुठून येणार याचा विचार केलेला नसतो. माझ्या मते इथली निम्मी गणितं तेवढ्यानेच चुकतात.

सकाळी लिफ्टने थेट वर जाणं

धक्क्यावरून थोडं चाललं की लास्कारिसच्या खंदकात एक उंच लिफ्ट दिसते. 58 मीटर उंचीची ही लिफ्ट 2012मध्ये सुरू झाली. तिने वर गेलं की अप्पर बराक्का बाग लागते आणि बागेच्या कमानींतून अख्खं बंदर दिसतं. साहजिकच जहाजातून उतरलेली बहुतेक मंडळी नऊ वाजता तिथे पोहोचतात आणि कॅमेरा डोळ्याला लावतात. इथेच दिवस बिघडतो.

ही बाग आग्नेयेकडे तोंड करून आहे. समोर पाण्यापलीकडे बिर्गू, सेंग्लिया आणि बोर्मला ही ‘थ्री सिटीज’ म्हणून ओळखली जाणारी जुनी गावं आहेत. सकाळी सूर्य त्यांच्याच मागून, थेट तुमच्या लेन्समध्ये येतो. बिर्गूच्या टोकावरच्या फोर्ट सेंट अँजेलोचा एकही दगड नीट उठून दिसत नाही आणि पाणी नुसतं चकाकतं. राजपुरीच्या जेटीवरून संध्याकाळी जंजिऱ्याचा फोटो काढायला गेलेल्यांना ही अडचण ओळखीची वाटेल: किल्ला समोर, सूर्य त्याच्या मागे.

यावर उपाय सोपा आहे. क्रम उलटा करा. सकाळी आधी पाणी ओलांडा. लिफ्टच्या जवळूनच थ्री सिटीजकडे जाणारी फेरी सुटते. डायसा नावाच्या रंगीत होड्याही असतात, त्यांचं भाडं मात्र बसण्याआधीच ठरवून घ्यावं. पलीकडे उतरून सेंग्लियाच्या टोकापर्यंत चालत जा. तिथल्या गार्डियोला बागेत तटाच्या कोपऱ्यावर एक छोटा टेहळणी बुरूज आहे आणि त्यावर एक डोळा आणि एक कान कोरलेला आहे. पहारा कधी ढिला पडत नाही, असं त्याचं सांगणं. या बुरुजाशेजारी उभं राहिलं की ऊन तुमच्या पाठीमागून, जरा उजवीकडून येतं आणि समोर व्हॅलेटाची सगळी तटबंदी मधाच्या रंगात उजळलेली असते. थोडी लांब पल्ल्याची लेन्स असेल तर ती इथे लावा, एकावर एक रचलेली घरं आणि बुरूज छान दाटून येतात. फोन असेल तर दोन किंवा तीन पटीचं झूम पुरतं. त्यापुढे नुसता कुरकुरीत चुरा येतो.

सेंग्लिया झाल्यावर वेळ उरला तर बिर्गूच्या गल्ल्यांत शिरा. घाई असेल तर बिर्गू सोडा, पण सेंग्लियाचं टोक सोडू नका.

अप्पर बराक्का ठेवा दुपारनंतर, तीन-साडेतीनच्या पुढे. तेव्हा सूर्य पश्चिमेकडे गेलेला असतो, म्हणजे तुमच्या पाठीशी, आणि सकाळी काळी दिसणारी गावं सोन्यासारखी उजळतात. बागेच्या खालच्या बाजूला तोफखाना आहे. तिथे दुपारी बाराला आणि चारला तोफ डागतात. बाराच्या तोफेला कठड्यावर खांद्याला खांदा लागतो आणि ऊन डोक्यावर असतं. जहाज उशिरा सुटणार असेल तर चारची तोफ बघा, धुरामागे समोरची गावं उजेडात येतात. धूर क्षणभरच टिकतो, म्हणून एकापाठोपाठ फोटो काढण्याची सोय आधीच चालू करून ठेवा आणि दहा-पंधरा मिनिटं आधी कठडा धरा.

भर दुपारी रस्त्यावर भटकणं

माल्टात उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असतं. त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, एकच्या सुमारास. जूनमध्ये तो क्षितिजापासून जवळजवळ 77 अंश वर असतो. अशा वेळी गॅलऱ्यांच्या सावल्या भिंतीवर सरळ खाली ओघळतात आणि माणसांच्या डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. अकरा ते तीन हा वेळ छताखाली घालवा, आणि त्यासाठी सेंट जॉन्स को-कॅथेड्रल या मोठ्या चर्चसारखी दुसरी जागा नाही.

बाहेरून ही वास्तू किल्ल्यासारखी साधी दिसते. आत पाऊल टाकलं की सोनं, कोरीव दगड आणि चित्रकार मात्तिया प्रेतीने रंगवलेलं छत. पायाखाली सरदारांच्या समाध्यांचे रंगीत संगमरवरी दगड आहेत, त्यांवर टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. खांदेही झाकलेले हवेत. फ्लॅश लावायचा नाही, तेव्हा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता वाढवा, 3200ला घाबरू नका. थोडे दाणे आलेला फोटो हललेल्या फोटोपेक्षा कितीतरी बरा. तिकिटाच्या खिडकीवर कुठल्या दालनात फोटोला परवानगी आहे हे विचारून घ्या.

ऑरेटरी नावाच्या प्रार्थनेच्या दालनात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे 1608मधलं चित्र आहे. पाच मीटरहून रुंद. त्याने सही केलेलं हे एकच चित्र, आणि सही आहे ती जमिनीवर सांडलेल्या रक्तात. इथे कॅमेरा खाली ठेवून दहा मिनिटं नुसतं बघा, असं मी आग्रहाने सांगेन. अर्ध्याहून जास्त कॅनव्हास त्याने अंधारात रिकामा सोडला आहे आणि उजेड फक्त जिथे घटना घडते तिथे पडला आहे. त्यानंतर बाहेर गल्लीत आलात की सावलीकडे वेगळ्या नजरेने बघाल.

एक मोठी गफलत टाळा: रविवारी पर्यटकांसाठी हे कॅथेड्रल बंद असतं. तुमचा थांबा रविवारी असेल तर दुपारचा बेत बदला. त्या दिवशी मार्साश्लोक या कोळीवाड्यात आठवड्याचा मोठा बाजार भरतो आणि पुढच्या टोकावर डोळे रंगवलेल्या लुत्सू होड्या तिथे बंदरात डोलत असतात. बस सिटी गेटबाहेरच्या ट्रायटन कारंज्याजवळून मिळते.

फार जागा कोंबणं, आणि जुन्या माहितीवर जाणं

व्हॅलेटा, थ्री सिटीज, मदिना हे माल्टातलं जुनं तटबंदीचं शहर, ब्लू ग्रोटो या समुद्रातल्या गुहा, शिवाय जमलं तर शेजारचं गोझो बेट, असा बेत आठ तासांत आखलेला दिसतो. तो धरून चाललात तर बसच्या काचेतून काढलेले फोटो मिळतील. पाण्याच्या दोन बाजू एवढंच धरा. मदिना फार सुंदर आहे, पण तिच्यासाठी वेगळा दिवस हवा.

गोझोच्या ‘अझूर विंडो’चे फोटो अजूनही जालावर फिरतात. ती दगडी कमान मार्च 2017च्या वादळात समुद्रात कोसळली. तिच्यासाठी अर्धा दिवस खर्चू नका.

नकाशावर शहर छोटं आणि सपाट दिसतं. प्रत्यक्षात मधला कणा उंच आहे आणि दोन्ही बाजूंच्या गल्ल्या पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याकडे उतरतात. त्या पायऱ्यांचे फोटो तर हवेतच: वरच्या टोकाला उभं राहा, दोन्हीकडून रंगीत लाकडी गॅलऱ्या आणि तळाशी समुद्राची निळी पट्टी. फक्त एकदा खाली उतरलात की पुन्हा चढायचं आहे, हे लक्षात घेऊन रस्ता ठरवा. तळाचे घासलेले जुने बूट आणू नका, दगड गुळगुळीत झालेले आहेत.

फोटो बिघडले तर

फोटो धुरकट येतोय? एसी केबिनमधून कॅमेरा थेट दमट हवेत आणला की काचेवर वाफ धरते. मुंबईच्या पावसाळ्यात हेच होतं. कॅमेरा बंद बॅगेतच ठेवून न्याहारीच्या वेळेपुरता बाहेरच्या हवेत राहू द्या. कापडाने पुसत बसू नका, वाफ पुन्हा येते.

दगड मळकट आणि करडा दिसतोय? इथला चुनखडीचा दगड उजळ आहे. उन्हातल्या भिंतीने चौकट भरली की कॅमेरा फसतो आणि फोटो अंधारा काढतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, अर्धा ते एक स्टॉप (कॅमेऱ्यावर +0.5 ते +1) वाढवा. अरुंद गल्लीत मात्र उलटी अडचण येते. सावलीतल्या भिंतीवर फोकस केला की वरची आकाशाची पट्टी जळून जाते. तिथे आकाश चौकटीबाहेर ठेवा किंवा फोनवर बोट दाबून उजेड खाली ओढा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ‘डेलाइट’वर पक्का करा, नाहीतर ऑटोमध्ये दगडाचा तो मधासारखा रंगच कॅमेरा धुऊन टाकतो.

आकाश पिठूळ झालंय? आफ्रिकेकडून वारा सुटला की सहाराची धूळ माल्टावर येते. त्या दिवशी लांबचं दृश्य विसरा. दारावरच्या पितळी कड्या, गल्लीच्या कोपऱ्यांवरचे संतांचे पुतळे, गॅलऱ्यांचे उडालेले रंग टिपा. सावल्या मऊ असतात तेव्हा असे फोटो उलट चांगले येतात.

ईशान्येचा जोराचा वारा असला तर फेरी बंद राहू शकते, कारण बंदराचं तोंड त्याच दिशेला आहे. ट्रायटन कारंज्याजवळून थ्री सिटीजची बस घ्या. वेळ थोडा जास्त लागेल, क्रम तोच ठेवा.

ड्रोनचा विचार सोडा, बऱ्याच क्रूझ कंपन्या तो जहाजावर आणूच देत नाहीत.

घड्याळ, फोन आणि परत येणं

कंपनीच्या सहलीला गेलेल्यांसाठी जहाज खोळंबतं, स्वतःच्या बेताने निघालेल्यांसाठी नाही. म्हणून ‘जहाज सुटण्याची वेळ’ आणि ‘सगळ्यांनी परत चढण्याची वेळ’ यांतली दुसरीच लक्षात ठेवा. ती साधारण अर्धा तास, कधी त्याहूनही आधीची असते. ग्रीसकडून येत असाल तर आणखी एक भानगड: ग्रीसचं घड्याळ माल्टाच्या एक तास पुढे आहे. जहाजाने आपली वेळ बदलली की नाही हे उतरताना विचारा, कारण किनाऱ्यावर फोन स्वतःहून वेळ बदलतो. मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेवर ठेवणं सगळ्यात चांगलं.

बऱ्याच भारतीय रोमिंग पॅकमध्ये जहाजावरचं नेटवर्क धरलेलं नसतं आणि त्याचं बिल भरमसाट येतं. धक्क्यावर उतरेपर्यंत फ्लाइट मोड काढू नका. नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवा. जहाजावर रोज मिळणाऱ्या माहितीपत्रकावर क्रूझ कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा नंबर छापलेला असतो. त्याचा आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो फोनमध्ये हवा.

चारची तोफ बघून निघालात आणि लिफ्टला मोठी रांग असेल तर ताटकळू नका. व्हिक्टोरिया गेटमधून पायी खाली उतरता येतं.

जहाजावर चढल्यावर कॅमेरा बॅगेत टाकणं

बंदरात येतानाचं आणि सुटतानाचं दृश्य हा या थांब्याचा मोठा भाग आहे. सकाळी जहाज आत शिरतं तेव्हा जहाजाच्या तोंडाकडे बघत उभं राहिलं तर उजवीकडे सेंट एल्मोचा किल्ला आणि व्हॅलेटा, डावीकडे रिकासोलीचा किल्ला. पहाटेचं ऊन उजवीकडच्या तटावर पडतं, तेव्हा गजर लावून उजवी बाजू गाठा.

बाहेर पडताना बाजू उलटतात आणि उजेडही. गर्दी व्हॅलेटासाठी डावीकडे धावते, पण संध्याकाळी ती बाजू सावलीत असते. आधी उजवीकडे उभे राहा: सेंट अँजेलो आणि रिकासोली तेव्हा उन्हात असतात. लाटरोधक बांध ओलांडला की जहाजाच्या मागच्या डेकवर जा. कार्मेलाइट चर्चचा घुमट आणि त्याशेजारचा सेंट पॉलचा सुळका मावळत्या आकाशावर काळे उमटतात. एक्स्पोजर आकाशावर धरा आणि शटर 1/500 सेकंदाच्या आसपास ठेवा, कारण जहाजाच्या इंजिनाची थरथर रेलिंगमधून हातात येते. कोपर रेलिंगवर टेकवू नका.